‘कसब’ शब्दाची मिळकत

सुतारानें रंधून ठेवलेल्या फळीवरून हात फिरवून कोणी म्हणतो, “याच्या हातांत कसब आहे.” म्हणणाऱ्याला स्तुति करावयाची असते आणि ऐकणाऱ्यालाही ती स्तुतीच वाटते. परंतु ज्या भाषेंतून हा शब्द मराठींत आला त्या भाषेच्या जुन्या जाणकाराला हें वाक्य ऐकविलें असतें, तर तो बुचकळ्यांत पडला असता. ‘याच्या हातांत कमाई आहे,’ एवढाच अर्थ त्याच्या कानीं पडला असता. कारण ‘कसब’ याचा मूळ अर्थ कौशल्य असा नाहीं. मिळविणें, कमावणें असा आहे. कमाईचा शब्द कारागिरीचा कसा झाला, आणि तसा होतांना त्यानें काय राखलें व काय गमावलें, ही हकीकत केवळ कोशांच्या पानांवर उलगडत नाहीं. शब्द माणसांच्या तोंडीं वाढतात आणि माणसें गांवांत राहतात. म्हणून एखादें गांव समोर ठेवलेलें बरें. मावळांतील सोमाटणें हें गांव या कामीं सोयीचें आहे.

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर घोरावडेश्वराचा डोंगर मागें पडला म्हणजे सोमाटण्याचा फाटा येतो. मागच्या डोंगरांत शेलारवाडीचीं म्हणून ओळखलीं जाणारीं बौद्ध लेणीं आहेत. पुढें थोड्याच अंतरावर सेनापति दाभाड्यांचें तळेगांव. एका बाजूस दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि दुसऱ्या बाजूस पेशवाईच्या सरदारांची पेठ, यांच्या मध्यें हें गांव बसलें आहे. महसुली कागदांत त्याच्या नांवामागें ‘मौजे’ हा शब्द लागतो : मौजे सोमाटणे, तालुका मावळ. मौजे म्हणजे साधें शेतकऱ्यांचें गांव. ज्या ठिकाणीं पेठ असे, बाजार भरे, व्यापारी आणि कारागीर रोखीचा व्यवहार करीत, त्याला मौजे न म्हणतां कसबा म्हणत. पुण्याची कसबा पेठ, कसबे सुकेणें, कसबे डिग्रज हीं नांवें त्या जुन्या भेदाची आठवण देतात.

येथेंच पहिला मोह उभा राहतो. जेथें कसबी लोक राहतात तो कसबा, अशी व्युत्पत्ति कोणालाही सुचावी इतकी ती सरळ दिसते. शिवाय ती वस्तुस्थितीला धरूनही आहे, कारण कसबी माणसें खरोखरच कसब्यांत राहत. तरीही ती खोटी आहे. अरबींत ‘क’ दोन आहेत. एक आपल्या ‘क’सारखा, दुसरा पडजिभेजवळून निघणारा. ‘स’चेही प्रकार आहेत, एक साधा, एक जड. कमाईच्या अर्थाचा ‘कस्ब’ साध्या ‘क’चा आणि साध्या ‘स’चा. वस्तीच्या अर्थाचा ‘कसबा’ खोल ‘क’चा आणि जड ‘स’चा. अरबाच्या कानाला हे दोन शब्द जितके दूर, तितके मराठी माणसाला ‘काळ’ आणि ‘खाल’ दूर वाटतात. परंतु आपल्या बाळबोध लिपींत काय किंवा मोडींत काय, हा भेद दाखविण्याची सोय नव्हती आणि जिभेला त्याची गरजही नव्हती. दोन परके पाहुणे एकाच पोषाखांत दारांत उभे राहिले, आणि घरच्यांनीं ते सख्खे भाऊ मानले.

खोल ‘क’च्या या घराण्याचा विस्तार मौजेचा आहे. त्याचा मूळ धातु कापणें, तुकडे करणें या अर्थाचा. त्यावरून ‘कसब’ म्हणजे बोरू, वेत, पेरें असलेली पोकळ काठी. ‘कसबा’ म्हणजे तटाच्या आंतील बालेकिल्ला, मग शहराचा गाभा, मग शहर. अल्जीर्सची ‘कास्बा’ आणि स्पेनांतील मालागा येथील ‘अल्काझाबा’ हा किल्ला याच शब्दाचीं रूपें होत. मांस कापणारा तो ‘कस्साब’. त्याचा मराठींत कसाब झाला आणि कसाई या शब्दाशीं शेजारीं जाऊन बसला. याच घराण्यांतला आणखी एक ‘कसब’ म्हणजे सोन्यारुप्याची तार किंवा जर. कसबी काठ, कसबी पदर, कसबी पागोटें यांतील ‘कसबी’ म्हणजे जरीचें; कौशल्याचें नव्हे. पैठणीचा कसबी पदर विणणारा विणकर स्वतःही कसबी असतो हें खरें, परंतु पदराचें कसबीपण आणि विणकराचें कसबीपण हीं दोन वेगळ्या मुळांवरचीं फुलें आहेत.

तिसरा सोयरा मात्र घरचा आहे. सोन्याचा ‘कस’ हा संस्कृत ‘कष्’, घासणें, या धातूपासून आलेला. ज्या दगडावर सोनें घासून पाहतात तो निकष. ‘कसोटी’ही त्याच कुळांतली. हाताच्या कामाला कस लागतो, तेव्हां कसब हें कसावरूनच निघालें असावें, असें कानाला वाटतें. तेंही खरें नाहीं. शेत ‘कसणें’ हें तर आणखी वेगळें. तें ‘कृष्’ म्हणजे नांगरणें यापासून आलें आहे. इतकीं भिन्न मुळें एका ध्वनीवर येऊन मिळालीं आणि त्यामुळें ‘कसब’ हा शब्द मराठींत आला तेव्हां त्याला परकेपणा फारसा जाणवला नसावा. कस, कसोटी, कसणें अशी सगळी आळीच त्याच्या ओळखीच्या आवाजाची होती. पुष्कळसे फार्सी-अरबी शब्द दरबार मोडतांच गेले. हा राहिला, त्याचें एक कारण या शेजारांत शोधावें लागेल.

आतां खऱ्या मुळाकडे. अरबींतील ‘कस्ब’ म्हणजे मिळविणें. धन मिळविणें हा तर अर्थ आहेच, परंतु कर्मानें पाप किंवा पुण्य पदरीं पाडून घेणें हाही आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं इराकांत होऊन गेलेला मोठा धर्मवेत्ता अल-अश्अरी यानें तर या शब्दावर एक सिद्धांतच उभा केला. कृति निर्माण करतो तो ईश्वर. मनुष्य ती ‘कमावतो’ आणि म्हणून तिचा जबाबदार होतो, असा तो थोडक्यांत सांगतां येईल. आपल्याकडील ‘क्रियमाण’ आणि ‘संचित’ यांच्या चर्चेशीं परिचित असलेल्यांना हा सूर अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. फार्सींत येतांना शब्द पंडितांच्या चर्चेंतून बाजारांत उतरला आणि त्याचा अर्थ पोटाचा उद्योग, धंदा असा स्थिरावला.

१३४७ सालीं दक्षिणेंत बहामनी राज्य स्थापन झालें, आणि पुढें त्याच्या शाखा झाल्या तरी दप्तराची मुख्य भाषा फार्सी राहिली. वसुली, लष्कर, न्याय आणि कारखाने यांचे शब्द याच वाटेनें गांवोगांव पोहोंचले. ‘हुक्म’चा हुकूम, ‘जुल्म’चा जुलूम झाला, त्याच चालीनें जोडाक्षर सोडवून ‘कस्ब’चा कसब झाला. त्याच्याबरोबर ‘कारीगर’ आला आणि कारागीर झाला, ‘हुनर’ आला आणि हुन्नर झाला, ‘उस्ताद’ आला तो वस्ताद होऊन तालमींत शिरला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनीं ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो प्रयत्न थोर होता. परंतु राजाज्ञेला दप्तर बदलतां येतें, सुताराची पडवी तितक्या सहज बदलत नाहीं.

पोटाचा धंदा या अर्थावरून हातांतील कौशल्य या अर्थावर शब्द केव्हां सरकला याची तिथि देतां येत नाहीं, देण्याची गरजही नाहीं; असे पालट एका दिवसांत होत नसतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालची आणि दुसरी १८५७ सालची. एकोणिसाव्या शतकांतील मराठींत धंदा हा अर्थ अजून जिवंत होता. “त्याचें कसब काय?” याचा अर्थ तो पोटाला काय करतो, असा होई. या अर्थाच्या मागून कौशल्याचा अर्थ आला आणि हळूहळू त्यानें पुढची जागा घेतली. हें सरकणें समजण्यासारखें आहे. ज्याच्यापाशीं जमीन आहे त्याची मिळकत जमिनींत असते, वतनदाराची वतनांत असते, सावकाराची खतांत असते. ज्याच्यापाशीं यांपैकीं कांहींच नाहीं त्याची मिळकत कोठें? ती त्याच्या हाताच्या वळणांत. अशा माणसाच्या बाबतींत ‘कमाई’ आणि ‘कौशल्य’ या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच. मराठीनें ‘कसब’ हा शब्द या माणसापाशीं ठेवला, सावकारापाशीं ठेवला नाहीं. सावकार भरपूर मिळवितो, पण त्याच्या व्याजाला कोणी कसब म्हणत नाहीं. कोणी म्हटलेंच तर त्यांत टोमणा असतो.

मूळ अर्थाला अवास्तव महत्त्व देऊं नये, हा इशाराही येथें नोंदविला पाहिजे, आणि तो आपल्याच शास्त्रकारांनीं दिलेला आहे. ‘कुशल’ या शब्दाचें उदाहरण त्यासाठीं प्रसिद्ध आहे. कुश हें पात्याला धार असलेलें गवत. यज्ञासाठीं तें हात न कापूं देतां आणावें लागे. जो तें नीट आणतो तो ‘कुश-ल’, आणि त्यावरून कोणत्याही कामांत निष्णात तो कुशल, अशी जुनी व्युत्पत्ति आहे. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित मम्मट यानें ‘काव्यप्रकाशां’त हें लक्षणेचें उदाहरण म्हणून घेतलें. पुढें चौदाव्या शतकांत ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथानें त्याला हटकलें. शब्द कशावरून झाला हें एक, आणि तो कशासाठीं वापरतात हें दुसरें, असें त्याचें म्हणणें. ‘गो’ हा शब्द जाणें या अर्थाच्या धातूपासून झाला म्हणून निजलेल्या गाईला गाय म्हणतांना लक्षणा करावी लागत नाहीं! युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही शब्दाच्या पोटांत जुना अर्थ कधीं कधीं पूर्ण मेलेला नसतो; तो झोंपलेला असतो आणि भलत्याच वेळीं जागा होतो.

‘कसब’ शब्दाच्या बाबतींत तो जागा झाला, तो स्त्रीच्या संदर्भांत. पुरुषाला ‘कसबी’ म्हटलें तर तो मान. त्याच शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून ‘कसबीण’ म्हटलें कीं ती नायकीण किंवा वेश्या. सुताराच्या रंध्यांतून कमाईचा अर्थ पुसला गेला आणि तेथें कौशल्य उरलें. बाईच्या बाबतींत कौशल्य पुसलें गेलें आणि केवळ कमाई उरली, तीही लाजिरवाणी ठरलेली. गाणें, नाच, अभिनय हीं ज्यांच्या हातापायांत आणि गळ्यांत वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें मुरलेलीं होतीं, त्यांच्यासाठीं हा शब्द वापरला जात असे. त्यांच्या अंगीं कसब नव्हतें असें त्यांच्या निंदकांनींही म्हटलें नसतें. तरी शब्दानें मान पुरुषाला दिला आणि मोल बाईच्या कपाळीं मारलें. ‘धंदा’ या शब्दाची गोष्टही याहून निराळी नाहीं. पुरुष धंदा करतो तेव्हां घर वर येतें, बाई ‘धंदा करते’ म्हटलें कीं ऐकणारा मान फिरवितो. कुंभाराच्या चाकापाशीं माती मळणारी, विणकराला कांडीं भरून देणारी, टोपल्यांना कड घालणारी बुरुडीण, यांच्या कामाला तर कोणताच शब्द मिळाला नाहीं. त्या नुसत्या ‘हातभार लावीत’.

हा शब्द नव्हता तेव्हां या डोंगरांतले कारागीर स्वतःला काय म्हणवीत, हें सुदैवानें दगडांत कोरलेलें आहे. शेलारवाडीच्या लेण्यांत एक प्राकृत लेख आहे. धेनुकाकट येथें राहणारा ‘हालकिय’ म्हणजे नांगरकरी असलेला कुटुंबिक उसभणक. त्याची गृहिणी सिअगुतणिका हिनें हें लेणें पुत्र नंद गृहपति याच्यासह दान दिलें, असा त्याचा आशय. दान देणारी राणी नाहीं, श्रेष्ठीची पत्नी नाहीं; नांगर हांकणाऱ्याची बायको आहे, आणि नवऱ्याचा धंदा ती लपवीत नाहीं. लेणें कोरविण्याइतकी शिल्लक त्या घरांत होती, हें त्याहून लक्ष्यांत घेण्यासारखें.

त्याच रस्त्यानें लोणावळ्याच्या बाजूस गेलें कीं कार्ल्याचें चैत्यगृह. तेथें वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. जंबुद्वीपांत उत्तम असें हें शैलगृह आपण पूर्ण करविलें, असें तो अभिमानानें सांगतो. श्रेष्ठी म्हटला म्हणजे जंबुद्वीपाहून कमी तो काय बोलणार! त्याच चैत्याच्या दर्शनी भागावर दुसरा एक लहान लेख आहे. धेनुकाकटाचा सामि, वेणुवासाचा पुत्र, धंद्यानें ‘वढकि’ म्हणजे सुतार. त्यानें घराचें मुख, म्हणजे दाराचें काम, ‘केलें’. श्रेष्ठीनें ‘पूर्ण करविलें’, सुतारानें ‘केलें’. दोन क्रियापदांत दोन माणसें उभीं आहेत. दगडी लेण्यांत सुताराचें काय काम, अशी शंका येणाऱ्यानें तेथील कमानदार छताकडे पाहावें. त्याच्या पोटाशीं बसविलेल्या जुन्या लाकडी फासळ्या अद्यापि जागेवर आहेत. शिवाय तो सगळा प्रासादच लाकडी घराची दगडांत उतरविलेली प्रतिकृति आहे; दगडकाम करणाऱ्यालाही सुताराचेंच नांव मिळालें. कान्हेरीच्या लेखांत पाथरवटाला ‘सेलवढकि’, म्हणजे शिळेचा सुतार, असें म्हटलें आहे. हा ‘वढकि’ नागपूर-वऱ्हाडकडे ‘वाढई’ होऊन राहिला. मावळांत त्याला ‘सूत्रधारा’चा सुतार हटवून बसला.

जुन्नरच्या लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसेकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. ‘वसकार’ आणि ‘कसकार’ अशीं त्यांचीं नांवें. यांतला दुसरा आजचा कासार. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीपाशीं दोन हजार कार्षापण दरमहा शेंकडा एक या व्याजानें आणि दुसरीपाशीं एक हजार पाऊण टक्क्यानें ठेवल्याची नोंद आहे. व्याजांतून भिक्षूंना चीवरें मिळावयाचीं. म्हणजे ज्यांच्यापाशीं ठेव ठेवावी असा भरंवसा राजघराण्याला वाटे, ती पेढी कोष्ट्यांची होती. या लेखांतून कौशल्याचें कौतुक कोठें दिसत नाहीं. हालकिय, वढकि, वसकार असें माणसाचें काम तेवढें लिहिलें आहे, आणि त्याच्या शेजारीं त्याचें दान किंवा त्याच्यापाशीं ठेवलेली रक्कम. काम आणि मिळकत एकाच ओळींत आहेत. अरबीचा एक शब्दही या मुलखांत येण्यापूर्वींचें हें ‘कसब’ होय.

पुढें गांवगाड्याची घडी बसली आणि मौजे व कसबा यांच्या वाटा फुटल्या. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचें जें चित्र आहे त्याहून चांगलें मराठींत दुसरें नसेल. मौजेचा सुतार, लोहार, चांभार, कुंभार हे बलुतेदार. वर्षभर नांगर नीट ठेवावा, फाळ शेवटून द्यावा, आणि सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वांटा न्यावा. थोरली, मधली आणि धाकटी अशा त्यांच्या ओळी. यांत स्थैर्य होतें. दुष्काळ सोडला तर सुतार उपाशी मरत नसे. परंतु ज्याचा हात चांगला आणि ज्याचा बेताचा, दोघांचा वांटा ओळीनें ठरलेला. हाताला मोल नव्हतें, जागेला होतें. कसब्याच्या पेठेंत उलट. तेथें वांटा नाहीं, काम दाखवून दाम. एकाच जातीचा, एकाच हत्यारांचा माणूस मौजेंत हक्कदार असे आणि पेठेंत कसबी. व्युत्पत्तीनें कसब आणि कसबा यांचें नातें लागत नाहीं खरें. पण व्यवहारानें तें लावून दिलें, आणि व्यवहाराचें नातें कोशकाराला पुसतां येत नाहीं.

रोख दामाच्या जगांत हातानें काय मिळवावें, हा प्रश्न सोमाटण्याच्या शेजारींच एकदां मोठ्या उमेदीनें सोडविण्यांत आला. अंताजी दामोदर काळे यांनीं दरमाणशीं दरसाल एक पैसा, अशी वर्गणी गोळा करण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनीं ती उचलून धरली. त्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव येथें कांच कारखाना निघाला. परदेशीं कांचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे चालक होते. कारखान्याचा हेतु केवळ चिमण्या आणि बाटल्या विकण्याचा नव्हता. कांच करणारे हात तयार करण्याचा होता. वाळू, सोडा आणि चुना यांचें प्रमाण पुस्तकांत सांपडतें. भट्टींतला रस लोखंडी नळीच्या टोंकाला किती घ्यावा, नळी किती फिरवावी, फुंकर केव्हां मारावी आणि केव्हां आवरावी, हें पुस्तकांत सांपडत नाहीं. क्षण चुकला तर गोळा लोंबतो, किंवा थंडावून तडकतो. हें शेजारीं उभें राहूनच शिकावें लागतें. येथें शिकलेले लोक पुढें देशांत ठिकठिकाणच्या कांच कारखान्यांत गेले. पैसा-पैसा करून शिकविलेल्या विद्येनें पैसा मिळावा, हीच त्या योजनेची मांडणी होती. कसब शब्दाचे दोन्ही अर्थ तळेगांवच्या भट्टीपाशीं पुन्हां एकत्र आले, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

मात्र त्याच शतकांत सरकारी कागदांतून ‘कसब’ मागें पडला आणि ‘कौशल्य’ पुढें आला. भाषाशुद्धीची चळवळ हें एक कारण. नव्या परिभाषेला संस्कृत शब्दांना प्रत्यय लावणें सोपें जातें, हें दुसरें आणि अधिक खरें. केंद्र सरकारनें २०१४ सालीं कौशल्य विकासाचें स्वतंत्र मंत्रालय काढलें. तेव्हांपासून तर हा शब्द फलकाफलकांवर आहे. शब्द वाईट नाहीं. ‘कलाकुसर’ यांतली कुसर त्याच घरची, म्हणजे मराठीला तो परकाही नाहीं. त्याचें कुळही मोठें आहे. बौद्ध वाङ्मयांत ‘कुसल’ म्हणजे पुण्यकारक, निर्मळ. अलोभ, अद्वेष आणि अमोह हीं त्याचीं मुळें सांगितलीं आहेत. पालि टीकाकारांनीं पुन्हां तेंच कुश गवत घेतलें, पण वैदिकांच्या उलट बाजूनें : कुशाचें पातें जसें दोन्हीं धारांनीं हात कापतें, तसें कुसल कर्म दोन्हीं बाजूंनीं क्लेश कापतें. शेलारवाडीच्या लेण्यांत राहून गेलेल्या भिक्षूंच्या तोंडीं ‘कुसल’ आणि ‘अकुसल’ हे शब्द रोजचे असतील. त्यांच्या लेखीं अकुसल म्हणजे लोभ, द्वेष, मोह. आडाणी हात नव्हे.

अडचण आहे ती त्या ‘अ’ची. कुशल म्हटलें कीं लगेच अकुशल तयार होतो. आणि मग अर्धकुशलही. १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्याखालीं जे मजुरीचे दर निघत आले त्यांत मजुरांच्या या पायऱ्या ठरून गेल्या. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें मागेल त्याला अंगमेहनतीचें काम देण्याचें वचन दिलें, आणि कामाला विशेषण लावलें ‘अकुशल’. कायदा उपकारक होता, याबद्दल वाद नाहीं. दुष्काळांत त्यानें चुली पेटत्या ठेवल्या. परंतु विशेषण माणसाला चिकटतें आणि दर विशेषणाला चिकटतो. ‘कसब’ शब्दाला असें नकारार्थी रूप मराठींत रुळलेलें नाहीं. एखाद्यांत कसब आहे असें म्हणतात, किंवा कांहींच म्हणत नाहींत. ‘अकसबी’ असा माणसांचा वर्ग भाषेनें केला नाहीं. ज्या शब्दाचा मूळ अर्थ कमाई, त्याला असा वर्ग करतांही आला नसता. जो राबून मिळवितो त्याच्यापाशीं कस्ब आहेच.

मावळांत उतारावर भाताचीं खाचरें असतात. खाचर म्हणजे नुसता जमिनीचा तुकडा नव्हे. वरच्या खाचराचें पाणी खालच्याला मिळालें पाहिजे, पण बांध वाहून जातां कामा नये. म्हणून सांडीची जागा आणि उंची नेमकी धरावी लागते. बांधाची माती चिखल करून थापतात, ती कोठें दगडानें दाबावयाची आणि कोठें गवत राखावयाचें, हें पाण्याची ओढ पाहून ठरतें. चिखलणी फार झाली तर रोप रुतून बसतें, कमी झाली तर पाणी झिरपून जातें. मग बायका वांकून ओळीनें रोपें लावतात. मुठींतून दोन-चार काड्या वेगळ्या काढावयाच्या आणि अंगठ्यानें चिखलांत इतक्याच खोल दाबावयाच्या कीं त्या तरंगूं नयेत आणि गुदमरूंही नयेत. हें पावसांत, दिवसभर, मान वर न करतां. ज्या बाईला हें येतें तिला गांवांत लावणीसाठीं आधीं सांगून ठेवतात, कारण उशीर झाला तर ती दुसऱ्याच्या खाचरांत गेलेली असते. उन्हाळ्यांत तीच बाई रोजगार हमीच्या बांधबंदिस्तीच्या कामावर गेली, तर हजेरीपटांत तिच्या नांवापुढें जो वर्ग लिहिला जाई तो ‘अकुशल’.